बर्फवाटेचा मेकॅनिक

पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावर मार्च २०१५ मध्ये नव्या लोकल गाड्या धावू लागल्या आणि एक परदेशी नाव मुंबईकरांच्या तोंडी रुळले. चेन्नईच्या कारखान्यात बांधलेल्या या गाड्यांची विद्युत यंत्रणा 'बम्बार्डियर' कंपनीची होती; त्यामुळे गाडीही बम्बार्डियरच झाली. येणारी लोकल 'सीमेन्स' आहे की 'बम्बार्डियर', हे लांबूनच ओळखणारे जाणकार प्रवासी फलाटाफलाटांवर तयार झाले. कंपनीचा रेल्वे व्यवसाय २०२१ मध्ये फ्रान्सच्या अल्स्टॉमकडे गेला, तरी नाव मागे उरले. हे नाव मुळात एका माणसाचे आहे आणि त्या माणसाने हयातीत रेल्वेचा एक डबाही बांधला नव्हता, याची कल्पना त्या गर्दीत फार थोड्यांना असेल.

जोसेफ-अर्मां बोंबार्दिए (फ्रेंच भाषेत या आडनावाचा उच्चार असा होतो) हे कॅनडाच्या क्विबेक प्रांतातील वालकूर या खेड्यातले गॅरेजवाले. त्यांनी वाहने बनवली ती बर्फावर चालणारी. जगभर ज्याला 'स्नोमोबिल' म्हणतात, त्या दोन स्की आणि एक रबरी पट्टा असलेल्या छोट्या वाहनाला आज ओळखीचे असलेले रूप ज्यांच्यामुळे मिळाले, त्यांत त्यांचे नाव पहिले घ्यावे लागते.

आपल्याकडे नवी स्कूटर घेतली की काही शे किलोमीटर चालवून तिला पहिल्या सर्व्हिसिंगला नेतात. स्नोमोबिल घेणाऱ्यालाही हे चुकत नाही. बोंबार्दिए यांच्या कारखान्यातून निघालेल्या 'स्की-डू' या गाडीच्या जुन्या माहितीपुस्तिकांत तर पहिल्या १० तासांच्या किंवा ५०० किलोमीटरच्या वापरानंतर गाडी विक्रेत्याकडे आणून तपासून घ्यावी, अशी स्पष्ट सूचना असे. त्याला कारण आहे. अशी गाडी कारखान्यातून बहुधा खोक्यात बंद होऊन येते. पुढच्या स्की, हॅण्डल, वाऱ्याची काच हे भाग विक्रेता आपल्या दुकानात बसवतो. या जोडणीत काही चुकले, तर ते दुकानाच्या फरशीवर दिसत नाही. बर्फात पहिले काही तास गेले की उघडे पडते.

पहिल्या तपासणीत मेकॅनिक गाडीची मागची बाजू उचलून धरतो आणि आधी पोटाखालचा पट्टा पाहतो. नवा पट्टा सुरुवातीला थोडा ताणला जाऊन सैल पडतोच. तो तसाच राहिला, तर त्याला फिरवणाऱ्या दातेरी चाकावरून उड्या मारत घसरू लागतो आणि दातेही जातात, पट्टाही जातो. भीतीपोटी फार आवळला, तर इंजिनाची ताकद पट्टा फिरवण्यातच खर्ची पडते आणि आतले भाग लवकर झिजतात. एका अंगाला सरकला असेल, तर कड घासून फाटत जाते. मग हॅण्डल सरळ धरून दोन्ही स्की पाहायच्या. त्यांची टोके किंचित बाहेरच्या बाजूला उघडलेली असावी लागतात. आत वळलेली असली, तर गाडी सरळ जायला तयार होत नाही. इंजिनाकडून मागे शक्ती नेणारा बेल्ट दोन्ही पुलींवर एका रेषेत बसला आहे का, साखळीच्या पेटीत तेल आहे का, ब्रेक नीट लागतो का, हादऱ्यांनी कोणते नटबोल्ट सैल झाले, हे सारे त्यानंतर.

यादी रुक्ष आहे, हे कबूल. पण शहरात स्कूटर बंद पडली तर माणूस ती ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत नेतो. उणे तीस अंश तापमानात, गोठलेल्या तळ्याच्या मधोमध, वस्तीपासून चाळीस किलोमीटरवर पट्टा निसटला, तर प्रश्न गाडीचा राहत नाही, चालकाच्या जिवाचा होतो. आणि या यादीतला पहिला मुद्दा, म्हणजे पट्टा आणि दातेरी चाक यांचे एकमेकांशी जुळणे, हा तर बोंबार्दिए यांच्या उभ्या आयुष्याचाच विषय होता.

अर्मां यांचा जन्म १६ एप्रिल १९०७ चा. आठ भावंडांत ते थोरले. वडील आल्फ्रेड आधी शेतकरी होते, पुढे दुकानदार झाले. घर फ्रेंच भाषक आणि कॅथलिक. थोरल्या मुलाने धर्मगुरू व्हावे, ही अशा घरांतली नेहमीची इच्छा. चौदाव्या वर्षी त्याला शेरब्रूकच्या धर्मशाळेत शिकायला पाठवण्यात आले. पण मुलाचे लक्ष प्रार्थनेपेक्षा यंत्रात. गजराच्या घड्याळातली चक्रे काढून त्याने खेळण्यातला ट्रॅक्टर चालवून दाखवला होता. घरातल्या चालत्या वस्तू उघडून पाहण्याच्या त्याच्या सवयीने वडील हैराण झाले. शेवटी, या पोराला मोडायला एकच काहीतरी द्यावे म्हणजे बाकीचे सुरक्षित राहील, अशा हिशेबाने त्यांनी त्याला एक निकामी फोर्ड मॉडेल टी देऊन टाकली.

त्या मोटारीचे काय झाले, हे गावाने ३१ डिसेंबर १९२२ रोजी पाहिले. सुट्टीत घरी आलेल्या पंधरा वर्षांच्या अर्मांने फोर्डचे इंजिन स्लेजवर चढवले होते आणि त्याच्या मागे लाकडात कोरलेला, विमानाला असतो तसा पंखा जोडला होता. धाकटा भाऊ लेओपोल्ड पुढे बसून दिशा सांभाळत होता आणि अर्मां मागे इंजिनाशी. कानठळ्या बसवणारा आवाज करीत ते धूड वालकूरच्या रस्त्यावरून बर्फ उडवत निघाले. लोक बाजूला पळाले. गाडी चालली, हे निर्विवाद. पण उघडा फिरणारा तो पंखा कोणाचाही हात किंवा मान घेऊन गेला असता, हेही तितकेच निर्विवाद. वडिलांनी ती त्याच दिवशी मोडून टाकण्याचा हुकूम दिला.

या प्रसंगाचे वर्णन नेहमी एका प्रतिभावान मुलाची आणि कडक बापाची गोष्ट म्हणून केले जाते. मला त्यात बापाची बाजू अधिक पटते. ती गाडी चालती होती, पण वापरायला योग्य नव्हती. या दोहोंतले अंतर तोडायला त्या मुलाला पुढे तेरा वर्षे लागली.

१९२४ मध्ये, सतराव्या वर्षी, अर्मांने धर्मशाळा सोडली. वडिलांनी मन वळवून घेतले. जवळच्या साउथ स्टुकली गावातल्या गॅरेजमध्ये उमेदवारी, मग मॉन्ट्रियलला दिवसा मेकॅनिकचे काम आणि रात्री यंत्रशास्त्र व विजेचे वर्ग, असा त्याचा क्रम होता. तांत्रिक पुस्तके वाचता यावीत म्हणून त्याने इंग्रजीही शिकून घेतले. अभियांत्रिकीची पदवी त्याच्याकडे नव्हती आणि पुढेही कधी आली नाही. १९२६ मध्ये तो गावी परतला आणि वडिलांच्या मदतीने त्याने स्वतःचे गॅरेज उघडले. वडिलांचे कर्ज तीन वर्षांत फेडले. मोटारी, शेतीची यंत्रे, पाण्याचे पंप, काहीही आणा, हा तरुण दुरुस्त करून देतो, अशी त्याची कीर्ती पंचक्रोशीत झाली. जे हत्यार मिळत नसे, ते तो स्वतः घडवी.

मात्र हे सारे उन्हाळ्यात. क्विबेकच्या ग्रामीण भागात त्या काळी हिवाळी रस्त्यांवरचा बर्फ काढण्याची पद्धत नव्हती. बर्फ पडू लागला की मोटारमालक आपली गाडी कोठारात ठोकळ्यांवर चढवून ठेवत आणि वसंतापर्यंत घोड्याच्या स्लेजवर विसंबून राहत. गॅरेजवाल्याला चार-पाच महिने काम नाही. डॉक्टर, टपाल, शाळा, सारे घोड्याच्या चालीने आणि वादळ असेल तर तेही नाही. रिकाम्या हिवाळ्यांत बोंबार्दिए गॅरेजचे दार लावून प्रयोग करू लागले.

बर्फावर मोटार चालवण्याचा विचार करणारे ते एकटे नव्हते. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायरमधील व्हर्जिल व्हाइट याने फोर्ड मोटारीला पुढे स्की आणि मागे पट्टे बसवण्याचा संच १९१७ मध्येच पेटंट केला होता. 'स्नोमोबिल' हे नावही त्याचेच. रशियाच्या झारकडे चाकरीला असलेल्या आदोल्फ केग्रेस या फ्रेंच माणसाने मोटारींना रबरी पट्टे लावले होते. विस्कॉन्सिनच्या कार्ल एलिअसनने १९२४ मध्ये एका माणसापुरती मोटार-स्लेज बनवली होती. यांतील कोणाचेही श्रेय बोंबार्दिए यांच्या खात्यावर जमा करण्याचे कारण नाही. अडचण होती ती क्विबेकच्या खोल, भुसभुशीत बर्फाची. त्यात जड वाहन रुतते. रुतू नये म्हणून वजन पसरायला लांब-रुंद पट्टा हवा. लोखंडी पट्टा घेतला तर वजन पुन्हा वाढते. रबरी घेतला आणि तो नुसत्या घर्षणाने फिरवला, तर ओला बर्फ मध्ये शिरून चाक जागच्या जागी गरगरते. हे कोडे सोडवण्यात त्यांचे एकामागून एक हिवाळे गेले. मोटारी कापल्या, जोडल्या, शेतात नेल्या, अडकल्या, ओढून परत आणल्या.

७ ऑगस्ट १९२९ रोजी त्यांचा इव्हॉन लाब्रेक यांच्याशी विवाह झाला. मुले झाली. संसार गॅरेजच्या मिळकतीवर चालत होता आणि मिळकतीचा एक भाग या प्रयोगांत जात होता.

१९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा पोटात दुखू लागल्याने आजारी पडला. अपेंडिक्स फुटून विष पोटात पसरले होते. शस्त्रक्रिया करू शकणारे रुग्णालय शेरब्रूकला, सुमारे पन्नास किलोमीटर दूर. रस्ते बर्फाखाली गाडले गेलेले. ज्याच्या गॅरेजमध्ये बर्फावर चालणाऱ्या वाहनाचे प्रयोग आठ हिवाळे चालले होते, त्या माणसाकडे त्या दिवशी भरवशाने बाहेर काढता येईल असे एकही वाहन तयार नव्हते. मूल गेले.

या मृत्यूमुळे बोंबार्दिए यांना स्नोमोबिलची कल्पना सुचली, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ते खरे नाही. कल्पना त्यांच्या डोक्यात बारा वर्षे होती. बदलले ते बहुधा मोजमाप. त्याआधी प्रयोग यशस्वी झाला की नाही, हे गाडी चालते का यावरून ठरत असावे. त्यानंतर गाडी मध्यरात्री, वादळात, कोणीही चालवली तरी पोहोचते का, हा प्रश्न आला. त्यांनी याविषयी काय वाटले ते फारसे बोलून दाखवल्याचे दिसत नाही. ते अबोल होते आणि त्यांचे उत्तर यंत्रातच शोधावे लागते.

ते उत्तर १९३५ मध्ये मिळाले. कापूस आणि रबर यांचे पट्टे, त्यांना आडव्या पोलादी पट्ट्यांनी जोडलेले, आणि त्यांना फिरवणारे रबर चढवलेले दातेरी चाक. चाकाचा दात त्या आडव्या पट्ट्यांमध्ये बरोबर अडकतो आणि पट्टा पुढे ढकलतो. घर्षणावर विसंबणे संपले, त्यामुळे ओल्या बर्फातही चाक घसरेना. दात रबराने मढवलेले असल्याने त्यावर बर्फ चिकटून बसेना. आणि सारे वजनाला हलके. पाहायला हे साधे दिसते, सायकलच्या साखळीइतके. पण सायकलची साखळी ताणत नाही म्हणून चालते आणि रबर ताणतेच. दातांमधले अंतर आणि पट्टीपट्टीमधले अंतर कायम जुळते ठेवायचे, तर ताण नेमका किती असावा, हे ठरवावे लागते आणि वारंवार पाहावे लागते. आज पहिल्या सर्व्हिसिंगला आलेल्या गाडीचा पट्टा मेकॅनिक बोटांनी दाबून किती खाली जातो हे मोजतो, तेव्हा तो हेच पाहत असतो.

२९ जून १९३७ रोजी या यंत्रणेचे कॅनडातील पेटंट मिळाले. त्याआधीच्या हिवाळ्यात बी-७ हे पहिले विक्रीचे वाहन बाहेर पडले होते. बी म्हणजे बोंबार्दिए, सात म्हणजे सात प्रवासी. प्लायवूडचे बंद अंग, मागे इंजिन, पुढे दोन स्की आणि खाली दोन पट्टे. किंमत हजार डॉलरच्या थोडी वर, म्हणजे त्या मंदीच्या वर्षांत खेड्यातल्या माणसाला झेपणारी नव्हे. घेणारे होते ते डॉक्टर, पशुवैद्य, हॉटेलवाले, टॅक्सीवाले, टपालाचे कंत्राटदार आणि पाद्री. ज्यांचे हिवाळ्यात अडून भागत नव्हते असे लोक. गॅरेजचा कारखाना झाला आणि गावातली शेतकऱ्यांची पोरे त्यात कामाला लागली.

गाडी विकली म्हणजे तिच्याशी संबंध संपला, असे गॅरेजवाल्याला म्हणता येत नाही. बोंबार्दिए यांचे सारे शिक्षण इतरांनी बनवलेल्या मोटारींचे दोष काढण्यात झाले होते. आता तीच नजर त्यांनी स्वतःच्या मालावर लावली. बी-७ च्या चाकांना आरे होते. त्या आऱ्यांत ओला बर्फ भरायचा, गोठायचा आणि चाक जड व्हायचे. १९४१ मध्ये बारा प्रवाशांची बी-१२ आली, तिला भरीव चाके होती. जहाजाला असतात तशा गोल खिडक्यांमुळे ही गाडी लांबून ओळखू येई. तिची निर्मिती अडीच हजारांवर गेली. तिच्यातून रुग्ण गेले, टपाल गेले, विनिपेग सरोवरावर कोळ्यांचे मासे गेले; बर्फात अडकलेल्या गावांतून शवपेट्याही गेल्या. शाळकरी मुलांसाठी सी-१८ नावाची मोठी आवृत्ती निघाली, तीत पंचवीस मुले बसत. १० जुलै १९४२ रोजी कंपनीची रीतसर नोंदणी झाली.

महायुद्धाने या व्यवसायाला एकीकडे बांधले आणि दुसरीकडे वाढवले. रेशनिंगमुळे नागरी ग्राहकाला वाहन अत्यावश्यक असल्याचे सिद्ध करावे लागे. लष्कराला मात्र बर्फावर आणि चिखलावर चालणारी पट्ट्यांची वाहने हवी होती. ती बोंबार्दिए यांनी दिली. हा भाग त्यांच्या चरित्रात मोठा असला तरी फारसा रसाळ नाही.

खरा धक्का शांततेच्या काळात बसला. १९४८ मध्ये क्विबेक सरकारने हिवाळ्यात प्रांतातले रस्ते बर्फमुक्त ठेवण्याचा निर्णय घेतला. जनतेच्या दृष्टीने यासारखी चांगली गोष्ट नाही. पण ज्या संकटावर बोंबार्दिए यांचा कारखाना उभा होता, ते संकटच सरकारने खोऱ्याने उचलून बाजूला केले. एका वर्षात विक्रीला प्रचंड ओहोटी लागली. पन्नास किलोमीटरवरचे रुग्णालय आता साध्या मोटारीनेही गाठता येणार होते. त्या माणसाला या बातमीने नेमके काय वाटले असेल, याचा तर्क न केलेला बरा.

त्यांनी केले ते एवढेच, की जिथे अजून रस्ता नाही अशा जागा शोधल्या. चिखलात रुतणाऱ्या शेती ट्रॅक्टरला बसवण्याचे पट्टे तयार केले. १९५३ मध्ये 'मस्केग' हा ट्रॅक्टर आणला. उत्तर कॅनडातील दलदलीला मस्केग म्हणतात. त्या दलदलीत, जंगलात, तेलाच्या शोधात हा ट्रॅक्टर फिरू लागला. व्हिव्हियन फुक्स यांच्या नेतृत्वाखाली १९५७-५८ मध्ये दक्षिण ध्रुवखंड पार करणाऱ्या मोहिमेच्या वाहनांतही एक मस्केग होता. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी याच मोहिमेत पलीकडच्या बाजूने निघाले होते. कर्ज काढून कारखाना फुगवण्याला मात्र बोंबार्दिए तयार नसत. मिळेल त्यातून पुढचे यंत्र घ्यायचे, हा गॅरेजचा हिशेब त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

एकट्या-दुकट्या माणसाच्या हलक्या वाहनाचे पंधराव्या वर्षीचे स्वप्न तेवढे मागे पडले होते. त्याला हलके इंजिन हवे होते आणि ते मिळत नव्हते. १९५० च्या दशकात लहान इंजिने बाजारात आली. पट्ट्याचा प्रश्न उरला, तो त्यांनी थोरला मुलगा जेर्मां याच्या साथीने सोडवला. सांधा नसलेला, एकसंध, आतून बळकट केलेला रबरी पट्टा तयार झाला. सांधा हीच पट्ट्याची सर्वांत दुबळी जागा. ती नाहीशी झाली. त्याच सुमारास अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात पोलॅरिस कंपनीही स्नोमोबिल बनवत होती, पण तिचे इंजिन मागे होते. बोंबार्दिए यांनी इंजिन पुढे, स्कीच्या वर ठेवले आणि रुंद पट्ट्यावर लांब आसन दिले. चालक मोटारसायकलवर बसावा तसा बसू लागला. आजही स्नोमोबिलची मांडणी मूलतः हीच आहे.

एप्रिल १९५९ मध्ये या नव्या गाडीचा पहिला नमुना घेऊन बोंबार्दिए स्वतः ऑण्टारिओच्या दूर उत्तरेकडील लॅन्सडाउन हाउस या वस्तीवर गेले. तेथे त्यांचे मित्र, मोरिस विमे नावाचे मिशनरी पाद्री, ओजिब्वे आदिवासींत काम करीत होते. हिवाळ्यात त्यांना कुत्र्यांच्या स्लेजने फिरावे लागे. कारखान्याच्या आवारात गाडी कशी चालते, हे बोंबार्दिए यांना ठाऊक होते. रोजच्या वापरात, ज्याचे पोट आणि जीव तिच्यावर अवलंबून आहे अशा माणसाच्या हाती ती कशी वागते, हे पाहायचे होते. पन्नाशी उलटलेला कारखानदार आपल्या नव्या गाडीच्या पहिल्या चाचणीसाठी एवढ्या लांब, तिथल्या फासेपारध्यांपर्यंत गेला, यात त्यांच्या स्वभावाचे सारे येते. गाडी पाद्रीबोवांकडेच राहिली.

कुत्र्यांची जागा घेणारी म्हणून गाडीचे नाव 'स्की-डॉग' ठरले होते. अक्षरांच्या चुकीने ते 'स्की-डू' झाले आणि तेच ठेवण्यात आले. १९५९-६० च्या पहिल्या हंगामात २२५ गाड्या विकल्या गेल्या. सात अश्वशक्तीचे कोलर इंजिन, लाकडी स्की आणि ताशी जेमतेम चाळीस किलोमीटर वेग. चार वर्षांनी, १९६३-६४ च्या हंगामात हाच आकडा ८,२१० झाला.

हे ग्राहक मात्र वेगळे होते. शहरातली सुखवस्तू कुटुंबे शनिवार-रविवारी मजेसाठी बर्फात गाड्या उडवू लागली. बोंबार्दिए यांना त्याचे कौतुक कमी आणि धास्ती अधिक होती. खेळाची हौस येते तशी जाते, तिच्या भरवशावर कारखाना टाकायचा नाही, असे त्यांचे धोरण होते. त्यांच्या डोळ्यांसमोर अजून पाद्री, डॉक्टर, पारधी आणि सर्व्हेअर होते. बाजाराच्या बाबतीत हा अंदाज चुकला, हे आता दिसते.

कामासाठी गाडी घेणाऱ्यांचे जग तर तिने मुळापासून बदलले. फिनलंडच्या उत्तरेत रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांत १९६० च्या दशकाच्या आरंभी स्की-डू पोहोचली आणि दहा वर्षांच्या आत ओढणारे रेनडियर जवळजवळ नाहीसे झाले. कॅनडाच्या आर्क्टिकमध्ये इन्युइट लोकांच्या कुत्र्यांच्या टोळ्यांचीही तीच गत झाली, जरी तिथे इतर कारणेही होती. अंतरे आटली, शिकार दूरची झाली. त्याचबरोबर पेट्रोल, सुटे भाग आणि हप्ते आले. कुत्र्यांना वाट ठाऊक असते, ते वादळात मालकाला अंगाची ऊब देतात आणि एक कुत्रा लंगडला तरी बाकीचे गाडी ओढतात. यंत्राचा एक बोल्ट निसटला तर यंत्र थांबते. त्या लोकांनी गाडी खोलून जोडण्याची विद्या झपाट्याने आत्मसात केली, ती हौसेने नव्हे.

बोंबार्दिए यांनी हे सारे पाहिले नाही. कर्करोगाने त्यांना गाठले. १८ फेब्रुवारी १९६४ रोजी, ऐन हंगामात, शेरब्रूक येथे त्यांचे निधन झाले. वय ५६. नावावर चाळीसहून अधिक पेटंट होती. कारखाना जेर्मांकडे आला. १९६६ मध्ये जावई लोराँ बोदुआँ अध्यक्ष झाले. सासऱ्याने जे जपून केले, ते जावयाने मोठे मोठे करून दाखवले. स्नोमोबिलची लाट ओसरू लागल्यावर १९७४ मध्ये मॉन्ट्रियल मेट्रोच्या डब्यांचे कंत्राट घेतले, १९८६ मध्ये कॅनडेअर विकत घेऊन विमाने आणली. ज्या गाडीने हे सारे उभे केले, तो स्की-डूचा व्यवसाय २००३ मध्ये विकून वेगळा काढण्यात आला. तो आजही वालकूरमध्येच आहे.

वालकूरला त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. १९२६ चे लाकडी गॅरेज तेथे जपून ठेवले आहे, आतल्या हत्यारांसकट. विमे पाद्रींच्या वस्तीवर गेलेला तो १९५९ चा पिवळा नमुनाही वापर संपल्यावर तेथे परत आला.